उशाशी बसून पाहिलेले महाभारत

वसंत व्याख्यानमालेला मंडळी येतात ती राजकारण, वाङ्मय किंवा विज्ञान यांविषयी चार गोष्टी ऐकाव्यात म्हणून. त्यामुळे आम्ही हा विषय कळविला तेव्हा कार्यवाहांनी विचारले, "मरणाच्या वाटेवरच्या बापाजवळ बसून टीव्हीवरची मालिका पाहायची, यात व्याख्यान देण्याजोगे काय आहे?" प्रश्न रास्त होता. कामगार संघटनेच्या कामानिमित्त अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांतली पुष्कळ घरे आम्ही आतून पाहिली. ज्या आजाराला आता उपाय नाही असे डॉक्टरांनी सांगितलेले असते, त्या घरात शिरताच एक गोष्ट ध्यानात येते. माणसांची ये-जा असते, धावपळ असते, पैसा उसनवार करून का होईना उभा केलेला असतो. पण आजाऱ्याशी कोणी बोलत नाही. गोळी घेतली का, दोन घास गेले का, कुठे दुखते का, एवढ्यावर बोलणे आटोपते. ज्याच्याशी बोलायला थोडेच दिवस उरले आहेत त्याच्यासमोरच घर मुके होऊन बसते. दोघांच्याही आवडीचा एखादा कार्यक्रम या मुकेपणातून वाट कशी काढतो, त्याला ते का साधते, आणि त्यासाठी काय काय लागते, एवढेच येथे समजावून सांगायचे आहे.

मुळात हे मुकेपण येते कोठून? प्रेम नाही म्हणून येते असे समजणे चूक आहे. आमच्या वऱ्हाडातल्या श्रमिक घरात बाप-लेकाचे बोलणे जन्मभर कामापुरते असते. मजुरी मिळाली काय, बियाणे आणले काय, धाकट्याची फी भरली काय. "बाबा, तुमच्या मनात काय चालले आहे?" असे समोर बसून विचारण्याची रीतच नाही. त्यातच असाध्य रोग घरात आला की मुलाला वाटते, खरे बोललो तर बाप खचेल. बापाला वाटते, खरे बोललो तर पोरगा खचेल. मग दोघेही एकमेकांपासून तीच बातमी लपवीत बसतात, जी दोघांनाही ठाऊक असते. सुशिक्षित घरांत हे वेगळे असते असा एक समज आहे. आम्हांला तसे काही दिसले नाही. तेथे एवढेच, की रक्ताच्या तपासण्यांचे आकडे जास्त बोलले जातात.

आता आमच्या धंद्यातला एक अनुभव सांगतो. संप करायचा की नाही, हे सभेत ठरत नाही. सभेत हात वर होतात. ठरते ते आधी, रेच्याजवळ उभे राहून कापूस टाकताना, किंवा दोघांनी मिळून गाठ ढकलताना. हात आणि डोळे दुसरीकडे गुंतलेले असले म्हणजे शेजारच्या माणसाला मनातले सांगणे सोपे जाते. "घरी खायला नाही, मी संपात टिकणार नाही" हे वाक्य कोणी डोळ्याला डोळा देऊन सांगत नाही. ते गाठीकडे पाहत सांगतात. दोन माणसे एकमेकांकडे पाहून जे बोलू शकत नाहीत ते दोघे मिळून तिसरीकडे पाहत असताना बोलू शकतात. आजाऱ्याच्या खोलीत ती तिसरी वस्तू हवी असते. मालिकेचे पहिले काम हे.

ही युक्ती टीव्हीने काढलेली आहे असेही नव्हे. श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' १७१२ सालचा. तेव्हापासून चातुर्मासात गावोगाव तो लावला जातो. एक जण ओव्या वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे ऐकतात. आणि अर्थ सांगता सांगता गावातल्या गोष्टी मध्येच येतात. दुःशासनाचे नाव निघाले की कोणी तरी पाटलाच्या पोराकडे पाहतो! घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असले तर त्याच्या कानावर पडावी म्हणून पोथी त्याच्या उशाशी वाचण्याची चाल होती. टीव्हीवरच्या महाभारताला लोकांनी हार का घातले, याचे नवल शहरी टीकाकारांना वाटले; पोथीपुढे बसलेल्या माणसाला ते वाटले नसते.

बी. आर. चोप्रा यांची 'महाभारत' ही मालिका दूरदर्शनवर २ ऑक्टोबर १९८८ पासून दर रविवारी सकाळी दाखविली जाऊ लागली आणि ९४ भागांनंतर १९९० च्या मध्यास संपली. संवाद राही मासूम रझा यांचे. व्यासांचे महाभारत एका मुसलमान लेखकाने घराघरात पोहोचविले, ही गोष्ट आम्ही सभांतून आवर्जून सांगत आलो. तेव्हा कामगार वस्तीत एखाद्याच घरी टीव्ही असे आणि दहा बाय बाराच्या खोलीत तीस-चाळीस माणसे बसत. आम्ही अठरा-एकोणीस वर्षांचे होतो. वडील पुढच्या रांगेत, आम्ही दाराशी. बोलण्याचा प्रश्नच नव्हता, पण घरी परतताना वाटेत ते एखादे वाक्य टाकीत, "कर्नाचं खरं होतं, पन पक्ष चुकला." एवढेच. वडिलांशी राजकारणावर आमची जी काही चर्चा झाली ती ही.

वऱ्हाडच्या माणसाला महाभारत परके वाटत नाही, याला एक कारण आहे. रुक्मिणीचे माहेर कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी आहे. तेथून पंढरपुरास पालखी जाते. श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले ते अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून, असे येथली परंपरा सांगते. आणि चिखलदऱ्याला भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले, म्हणून त्या दरीचे नाव कीचकदरा. इतिहास म्हणून यातले किती टिकेल, हा प्रश्न पंडितांचा. आजाऱ्याच्या खोलीत त्याचा उपयोग निराळा आहे, तो पुढे कळेल.

२०२० साली २५ मार्चला टाळेबंदी सुरू झाली आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' आणि 'महाभारत' पुन्हा दाखवायला घेतले. 'महाभारत' दुपारी आणि संध्याकाळी असे रोज लागे. १६ एप्रिलचा 'रामायणा'चा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला असे दूरदर्शनने जाहीर केले. त्या आकड्यावर वाद झाला, तो सोडून देऊ. त्याच दिवसांत एक चित्रफीत मोबाईलवर फिरत होती. 'रामायणा'त रावण झालेले अरविंद त्रिवेदी म्हातारपणी घरी बसून तीच मालिका पाहत आहेत, आणि सीताहरणाचा प्रसंग आला तेव्हा हात जोडीत आहेत. पुढल्याच वर्षी, २०२१ च्या ऑक्टोबरात, ते गेले. म्हातारा माणूस जुनी मालिका पाहतो तेव्हा तो नुसती गोष्ट पाहत नसतो, त्या गोष्टीवेळचा स्वतःलाही पाहत असतो, हे त्या चित्रफितीइतके स्पष्ट आम्हांला कोणत्या पुस्तकात मिळाले नाही.

आमच्या वडिलांनी अकोल्यात जिनिंग-प्रेसिंगमध्ये आयुष्य काढले. खर्रा तोंडात, रुईची धूळ नाकात. घशाचा कर्करोग निघाला. २०२० च्या जानेवारीत श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावे लागले आणि आवाज गेला. पुढे घासही उतरेना म्हणून नाकातून नळी घातली. डॉक्टरांनी आता घरी ठेवा असे सांगितले. मुलांची जुनी पाटी त्यांना दिली. वडील चौथी शिकलेले. पाटीवर ते "पाणी", "दुखते", "उठव" एवढेच लिहीत. मार्चअखेर महाभारत लागले आणि पाटीवरचे शब्द बदलले.

कसे बदलले, ते सांगितल्याशिवाय हा विषय समजणार नाही. पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी राहिले आहेत आणि कीचकवध होतो, तो भाग लागला होता. वडिलांनी पाटी मागितली आणि लिहिले, "चिखलदरा". आम्ही मान डोलावली. त्यांनी पुसून पुन्हा लिहिले, "मी गेलो होतो". आम्ही पन्नाशीत पोहोचलेला माणूस. वडील कधी चिखलदऱ्याला गेले होते हे आम्हांला ठाऊक नव्हते. मग तीन दिवस, भाग चालू असताना आणि मधल्या जाहिरातीत, तुकड्यातुकड्याने हकीगत आली. लग्नाआधी ते सरकी ढेपेच्या ट्रकवर हमाल म्हणून परतवाड्याला गेले, तेथून माल वर चढवायचा होता. घाटात पाऊस लागला, ट्रक रात्रभर अडकला. सकाळी धुके उठले तेव्हा खाली दरी दिसली. ड्रायव्हर म्हणाला, हाच कीचकदरा. पाटीवर शेवटचा शब्द होता, "भिलो". आयुष्यभर ज्या माणसाला आम्ही मालकाला किंवा पोलिसाला भिताना पाहिले नाही, तो बावीस वर्षांचा असताना धुक्यातल्या दरीला भ्यायला होता, ही माहिती आम्हांला कीचकाने मिळवून दिली. आम्ही हसलो. वडीलही हसले, आवाज नसलेले हसणे खांद्यांवरून ओळखावे लागते.

यात दुसरे कारण दिसते. गोष्ट आधीच माहीत असलेली असावी. नव्या मालिकेत पुढे काय होणार याकडे मन लागते आणि मध्ये बोलणाऱ्याचा राग येतो. ओळखीच्या गोष्टीत मन मोकळे राहते, कोठेही थांबता येते. आजाऱ्याला तर त्याहून मोठी सोय होते. गुंगीच्या औषधाने त्याला मध्येच झोप लागते, उठल्यावर "काय झाले?" असे विचारण्याची लाज वाटत नाही, कारण काय झाले ते त्याला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. आजाऱ्याच्या हातून एकेक गोष्ट सुटत जाते. चालणे, जेवणे, स्वतःचे स्वतः धुणे. माहीत असलेली गोष्ट मात्र त्याच्या हातून सुटत नाही. तिथे तो अजून जाणकार असतो, आणि मुलाला सांगू शकतो.

तिसरे कारण वेळेचे. मोठ्या आजारात दिवसाचे घड्याळ रोगाचे होऊन जाते. सहाला गोळी, नऊला नळीतून पातळ पेज, बाराला पुन्हा गोळी. संध्याकाळी सातला महाभारत लागते, ही दिवसातली एकच वेळ रोगाने ठरविलेली नसते. शिवाय तिच्यात "उद्या" असतो. पुढच्या दिवाळीचे नाव काढायला घरातल्या कोणाची जीभ रेटत नाही. पण "उद्या द्यूत आहे" हे सहज म्हणता येते, आणि आजाऱ्यालाही तेवढा उद्या पुरतो.

चौथे कारण सगळ्यांत नाजूक आहे. पात्राच्या आडून बोलता येते. श्रीकृष्ण शिष्टाईला जातो आणि दुर्योधन सुईच्या अग्राएवढीही जमीन द्यायला नाही म्हणतो, तो भाग चालू होता. वडिलांनी लिहिले, "धुरा". आमच्या मूळ गावी, बाळापूर तालुक्यात, वडिलांचे आणि धाकट्या चुलत्यांचे धुऱ्यावरून भांडण होते; वीस वर्षे एकमेकांच्या दारात पाय नव्हता. आम्ही टीव्हीकडेच पाहत विचारले, "काकांले फोन लावू का?" वडिलांनीही टीव्हीकडेच पाहत मान हलविली. हाच प्रश्न आम्ही त्यांच्यासमोर खुर्ची ओढून विचारला असता तर मान हलली नसती, अशी आमची खात्री आहे. फोनवर काका बोलले, वडिलांनी ऐकले. बसगाड्या बंद होत्या. चौथ्या दिवशी काका भल्या पहाटे सायकलने निघून आले. धुऱ्याचा शब्द कोणी काढला नाही. दोघे भाऊ बाजेवर आणि खाली बसून संध्याकाळचा भाग पाहत राहिले. मध्येच काका म्हणाले, "दादा, हा भीम आपल्या शंकरपटातल्या बैलासारका चालते." आता कोणी विचारील, धुरा सुटला काय? नाही. कागदावर तो अजून तसाच आहे आणि आमचे चुलतभाऊ त्यावरून अजून धुसफुसतात. मालिकेने जमिनीचे वाद सुटतात असे आमचे म्हणणे नाही.

येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. हे सर्व घडू शकले ते वडिलांची वेदना आवरलेली होती म्हणून. ज्याचे अंग ठणकत आहे त्याला महाभारत काय आणि भारूड काय, सारखेच. लंडनमध्ये सिसिली साँडर्स या बाईंनी १९६७ साली मरणोन्मुख रोग्यांसाठी सेंट ख्रिस्टोफर्स हे घर काढले. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात सामाजिक काम केले, आणि वेदनेवर काम करायचे तर डॉक्टरच व्हावे लागेल म्हणून थोराड वयात डॉक्टर झाल्या. त्यांनी दोन गोष्टी शिकविल्या. एक, वेदनेचे औषध ती असह्य झाल्यावर देऊ नका, घड्याळ लावून ती उठण्याआधीच द्या. दुसरी, वेदना केवळ शरीराची नसते. पैशाची, नात्यांची, अपुऱ्या राहिलेल्या कामाचीही असते, आणि ती सगळी मिळून एकच वेदना होते. आपल्याकडे मुंबईला १९८६ साली शांती अवेदना सदन निघाले; केरळात कालिकतला १९९३ पासून हे काम होऊ लागले. मॉर्फिन हे स्वस्त औषध. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने ते इतके कडीकुलपात गेले की साध्या डॉक्टरला ते ठेवणे नको वाटू लागले. २०१४ साली कायदा बदलून ती अडचण पुष्कळशी कमी करण्यात आली. तरी गोळीला "सवय लागेल" म्हणून घरचेच लोक घाबरतात. ज्याचे आयुष्य महिन्यांत मोजायचे आहे त्याला सवयीची भीती घालणे, हा आमच्या मते शहाणपणाचा नव्हे, क्रौर्याचा प्रकार आहे. डॉक्टरांना सरळ विचारावे : वेदना थांबविणारे डॉक्टर कोठे भेटतील? हा प्रश्न विचारला म्हणजे आपण आजाऱ्याची आशा सोडली असे होत नाही.

साँडर्सबाईंच्या कितीतरी आधी हे शास्त्र महाभारतात सांगून ठेवले आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतो. पण भीष्मपर्वाच्या अखेरचा प्रसंग प्रत्येक शुश्रूषा करणाऱ्याने नीट पाहावा. भीष्म बाणांवर पडले आहेत, डोके लोंबते आहे. राजे लोक धावत जाऊन मऊ उशा आणतात. भीष्म त्या नाकारतात. अर्जुन तीन बाण मारून डोक्याला आधार देतो, तो त्यांना पटतो. मग तहान लागते. राजे खाद्यपदार्थ आणि थंड पाण्याचे घडे आणतात. तेही नको. अर्जुन जमिनीत बाण मारतो आणि धार वर येते. राजांचे प्रेम खोटे नव्हते. त्यांनी स्वतःला जे आवडले असते ते आणले. अर्जुनाने पडलेल्या माणसाला काय हवे ते ओळखले. आमच्याकडे भेटीला येणारी मंडळी सफरचंदे आणि नारळपाणी घेऊन येत, आणि वडिलांच्या नाकात नळी होती. तो भाग लागला तेव्हा वडिलांनी पडद्यावरच्या पाण्याकडे आणि मग स्वतःच्या ओठांकडे बोट केले. गिळता येत नाही तरी तोंड कोरडे पडतेच. आम्ही स्वच्छ कापूस पाण्यात भिजवून ओठांवर आणि जिभेवर फिरविला, आणि त्यानंतर रोज दर तासाला घरातले कोणी ना कोणी ते करू लागले. साऱ्या जन्माचे काम कापसातले. शेवटी तोच हाताशी होता.

मालिका महाभारतच असावी असे मात्र मुळीच नाही. कार्यक्रम कोणता, हे आजाऱ्याने ठरवावे. अमरावतीला आमच्या संघटनेतल्या एका भगिनीची आई मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होती. वय झालेले, डायलिसिस सोसवेना. २०१८ साली त्या माउलीने "आता नेऊ नका" असे सांगितले. मुलीला वाटे, आईने हरिपाठ ऐकावा. आईला हवे होते 'चला हवा येऊ द्या'! त्यात भारत गणेशपुरे हे मूळचे अमरावतीकडचे नट वऱ्हाडी बोलत, आणि ते बोलायला लागले की आई म्हणे, "हा आपला हाय." जन्मभर शाळेत, दवाखान्यात, कचेरीत जी बोली बोलल्याबद्दल लोक हसले, तीच बोली टीव्हीवर ऐकून आपण हसतो आहोत, यात त्या म्हातारीला काय वाटत असेल, याचा विचार पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांनी करून पाहावा. मरणाच्या खोलीत हसणे वाईट दिसते, असे शेजारणी म्हणत. त्यांना म्हणू द्यावे. ज्या आईने मुलीला मारून अभ्यासाला बसविले होते, ती आई विनोदी बाई होती, हे त्या मुलीला चाळिसाव्या वर्षी कळले.

आता काही खबरदारीच्या गोष्टी, झटपट. टीव्ही दिवसभर चालू ठेवून आजाऱ्याला त्याच्या हवाली करणे म्हणजे सोबत नव्हे. तो राखणदार झाला. कार्यक्रम एकच असावा आणि पाहणारे दोघे असावेत. बातम्या टाळाव्यात, विशेषतः ज्या ओरडून सांगतात. टीव्ही लांब असेल तर मोबाईल उशाशी धरावा, पण डोळ्यांवर उजेड येऊ देऊ नये. आजाऱ्याने तोंड फिरविले तर लगेच बंद करावे आणि "का?" असे विचारू नये, माणूस जग आवरते घेतो तेव्हा आवडीच्या गोष्टीही खाली ठेवतो. आणि भेटीला आलेल्यांना त्या पाऊण तासात चहाबरोबर बाहेरच्या खोलीत बसवावे. ही शेवटची सूचना अमलात आणणे सर्वांत कठीण आहे.

पण याहून कठीण प्रश्न आहे तो असा, की तो पाऊण तास आणायचा कोठून? अमरावतीच्या त्या भगिनी नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात दुसऱ्या पाळीला होत्या. कार्यक्रम रात्रीचा. रजा मागितली तेव्हा साहेबांनी विचारले, "आई सीरियस आहे की सीरियल बघायची आहे?" शेवटी पहिल्या पाळीतल्या दोघी मैत्रिणींनी आळीपाळीने पाळी बदलून दिली. म्हणजे जी सोय कायद्याने द्यायची ती दोन गरीब बायांनी दिली.

कायदा काय म्हणतो ते पाहा. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने विमेदार कामगार स्वतः आजारी पडला तर त्याला काही दिवस पैसे मिळतात; कर्करोगासारख्या दीर्घ आजारात ते अधिक काळ मिळतात. त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईबापांना औषधोपचार मिळतो. पण त्या आईबापाजवळ बसणाऱ्याची मजुरी बुडते तिचे काय, याविषयी तो गप्प आहे. आणि जिनिंगच्या कामगाराला तर एवढेही नाही : ज्या हंगामी कारखान्यांना त्या कायद्यातून वगळले, त्या यादीत कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग नाव घेऊन घातलेले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. हंगामी कारखाने तिच्यातही वगळलेलेच राहिले. म्हणजे ज्या धंद्यावर अकोल्याची पेठ उभी राहिली त्याचाच कामगार बाहेर! २००७ सालच्या आईबापांच्या निर्वाहाच्या कायद्याने मुलांवर अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी यांची जबाबदारी टाकली, ती योग्यच. पण आईबापाला मुलाचा वेळ लागतो, ही गोष्ट कायद्यात कोठे नाही. कॅनडात २००४ पासून मरणासन्न नातलगाची शुश्रूषा करणाऱ्याला विम्यातून पैसे मिळतात. आरंभी सहा आठवडे मिळत, २०१६ पासून सव्वीस झाले. तो देश श्रीमंत आहे, हे उत्तर आम्हांला मालकांकडून नेहमी मिळते. सव्वीस आठवडे आम्ही मागत नाही. आमच्या मागणीपत्रात आम्ही पंधरा दिवस लिहिले आहेत, आणि तेही वर्षाचे नव्हेत, जन्माचे.

आमच्या वडिलांजवळ आम्ही दीड महिना रोज बसू शकलो, त्याचे खरे कारणही येथे सांगितले पाहिजे. टाळेबंदीने सगळे बंद होते. घरात मजुरी येत नव्हती, किराणा उधारीवर होता. ज्या आदेशाने लाखो मजुरांना रस्त्यावर चालायला लावले त्याच आदेशाने आमच्यासारख्या काहींना बापाच्या उशाशी बसविले.

एक प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, म्हणून तो घेऊन थांबतो. आजाऱ्याची शुद्ध गेली, डोळे मिटले, हाकेला ओ येत नाही. मग कार्यक्रम बंद करावा काय? कॅनडात व्हँकूव्हर येथे संशोधकांनी मरणासन्न आणि प्रतिसाद न देणाऱ्या रोग्यांच्या डोक्याला तारा जोडून मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजल्या आणि त्यांना काही सूर ऐकविले. त्यांतल्या काहींचे मेंदू शेवटच्या तासांतही त्या सुरांना धडधाकट माणसाप्रमाणे प्रतिसाद देत होते. हा निबंध २०२० सालीच प्रसिद्ध झाला. त्यांना अर्थ कळत होता काय, हे त्यावरून ठरत नाही. कान जागा असू शकतो, एवढे ठरते. म्हणून आवाज कमी करावा, पण एकदम तोडू नये. आणि आपण उठून जाऊ नये. त्या खोलीत मृत्यूनंतरच्या खर्चाची बोलणी करू नयेत. अमरावतीच्या त्या भगिनीने शेवटच्या दोन दिवसांत मोबाईल आईच्या उशीखाली ठेवला होता आणि त्यावर तेच जुने भाग हलक्या आवाजात लावले होते. विनोद आला की ती मोठ्याने हसे, म्हणजे आईला जागा कळावी.